हसरा मुखवटा

फार फार पूर्वी, समुद्रापलीकडे ग्रीकांच्या मुलखात, डोंगराच्या कुशीत एक नगर होते. डोंगरउतारावर दगडी पायऱ्या खोदलेल्या होत्या. सारे नगर एकदम बसेल इतक्या.

त्या नगराची एक रीत होती. लढाईवरून परतलेला सैनिक थेट घरी जात नसे. आधी तो या पायऱ्यांसमोर उभा राही. ज्याला त्याने मारले त्याचा मुखवटा चढवी आणि त्या मेलेल्याच्या वतीने बोले. नगर ऐके. कोणी टाळी वाजवत नसे, कोणी दोष देत नसे. मग सैनिकाची आई नाहीतर बायको पुढे होऊन मुखवटा उतरवी आणि त्याला घरी नेई.

हे मुखवटे एक म्हातारा कारागीर करी. जुन्या कापडाचे थर खळीत भिजवायचे, मातीच्या साच्यावर दाबायचे, उन्हात वाळवायचे. सैनिक चेहरा सांगत, म्हातारा तो घडवी. चाळीस वर्षांत त्याने कोणाला ‘का मारलेस?’ असे विचारले नव्हते.

एका वर्षी मोठा विजय झाला. राजा म्हणाला, “यंदा शत्रूचे रडगाणे नको. मिरवणूक काढा.” दवंडी पिटली. मेलेल्यांचे मुखवटे बंद झाले. म्हाताऱ्याला हुकूम आला, मिरवणुकीसाठी शंभर हसरे मुखवटे कर.

म्हाताऱ्याच्या अंगणात हसऱ्या तोंडांच्या रांगा वाळू लागल्या. एके दिवशी तिथे एक सैनिक आला आणि भिंतीला पाठ लावून बसला.

“बाबा, एक मुखवटा हवा. विशीतला पोरगा. हनुवटीवर तीळ. विहिरीवर पाणी शेंदत होता. मी मागून गेलो.”

“राजाची बंदी आहे रे.”

“गुपचूप करा. मी एकटाच डोंगरावर जाऊन बोलेन.”

“एकट्याने बोलून काय होणार? ऐकायला नगर लागतं.”

“मग नगर बोलवा.”

“मला फासावर चढवतोस होय?” म्हातारा हसला. “अरे, धाकट्या भावाचं लग्न आहे ना तुझ्या? चार दिवस गोडधोड खा, नाच. जाईल आपोआप.”

“जात नाही, बाबा. पाठीमागून कोणी आलं की आधी हात उठतो, मग मला कळतं.”

“मग बस असाच भिंतीला पाठ लावून!”

“बसतोच आहे,” सैनिक म्हणाला. मग तो उठून गेला.

मिरवणूक झाली. ढोल वाजले, हार पडले. तो सैनिक सगळ्यांत शेवटच्या रांगेत चालला, म्हणजे मागे कोणी नको. म्हाताऱ्याने ते पाहिले आणि तो आपल्या वाटेने घरी गेला.

लग्नाच्या आदल्या सकाळी सैनिक घरामागच्या विहिरीवर पाणी शेंदत होता. कमरेला कोयता होता. धाकटा भाऊ दबक्या पावलांनी मागून आला आणि त्याने ओल्या हातांनी त्याचे डोळे झाकले. दोघांचा लहानपणचा खेळ होता तो.

“ओळख पाहू, कोण?”

हात आधी उठला.

तासाभराने सैनिक म्हाताऱ्याच्या दारात उभा होता. राजाचे शिपाई आले होते, पण चार हात लांबच थांबले होते. त्याचे कपडे पाहून म्हाताऱ्याला काही विचारावे लागले नाही.

“आता तरी करा,” सैनिक म्हणाला. “दोन हवेत.”

म्हाताऱ्याने बंदीचे नाव काढले नाही. त्याने तिळाचा पोरगा घडवला. ऊन उतरू लागले होते, दुसरा घडवून वाळवायला वेळ उरला नाही. मिरवणुकीतून उरलेला एक मुखवटा त्याने उचलला, त्याचे ओठ भिजवले आणि ओठांचे कोपरे अंगठ्याने खाली वळवू लागला. सैनिकाने त्याचे मनगट धरले.

“नको. हसराच राहू द्या. तो हसत होता.”

दिवस कलला तेव्हा पायऱ्या भरल्या होत्या. दवंडी कोणी पिटली नव्हती. राजाही आला आणि खालच्या पायरीवर बसला.

सैनिकाने पहिला मुखवटा चढवला. “मी पाणी शेंदत होतो. आई घरी वाट पाहत होती. मला मागे वळायलाही वेळ मिळाला नाही.”

मग त्याने दुसरा चढवला.

“ओळख पाहू, कोण?”

तेवढेच बोलला. त्या हसऱ्या तोंडाकडे कोणालाच पाहवेना.

त्याची आई उठली. जवळची वाट त्याच्या पाठीमागून जात होती. ती सोडून ती लांबून वळसा घालून आली, अगदी समोरून, सावकाश, त्याला दिसेल अशी. तिने मुखवटा उतरवला. पण त्याला घरी नेता येईना. घरी धाकटा निजवलेला होता. दोघे तिथेच दगडावर बसून राहिले.

राजाने मान खाली घालून बंदी उठवली. सगळ्यांत वरच्या पायरीवर म्हातारा स्वतःच्या हातांकडे पाहत होता. तिळाचा मुखवटा घडून वाळायला अर्धा दिवसही लागला नव्हता. त्यानंतर त्याने हसरा मुखवटा कधी केला नाही.

ज्याला आपण लढायला धाडतो, त्याचे ऐकून घेणे हेही आपलेच काम. न ऐकलेली लढाई घरापर्यंत चालत येते.