पोशीचं बेट

दुर्बीण जरा डावीकडे वळवा. ती खारफुटी संपते ना, तिच्यापुढे चिखलात जो उंचवटा दिसतो, ते पोशीचं बेट. भरतीला सगळी खाडी बुडाली तरी तेवढं कोरडं राहतं, म्हणून पक्षी तिथे दाटीवाटीनं उभे राहतात. पण मधोमध बघा. एवढी रेटारेटी, आणि तेवढीच जागा रिकामी! तुम्हीच नव्हे, मोठमोठे पक्षीवाले इथे येऊन डोकं खाजवून गेलेत. आमच्या सावटे गावात मात्र त्याचं असं सांगतात.

फार मागे, या गावात फासे लावून पक्षी धरणारं एकच घर होतं, गोमा म्हाताऱ्याचं. त्याची सून पोशी. पायाला दोरी बांधलेला एक शेकाट्या पक्षी तिच्याकडे असायचा. त्या लांबटांग्याला चिखलात उभा करायचा, त्याला बघून बाकीचे निर्धास्त उतरायचे आणि फाशात अडकायचे. असा तो धंदा.

एका सकाळी ओहोटीला पोशी फासे लावायला गेली. तान्ही चिमी झोळीत, पाठीशी, आणि शेकाट्याची दोरी हाताला गुंडाळलेली. वाकून काम करता करता मान वर करते तर काय, धुकं! असं धुकं म्हणे, की स्वतःचा हात दिसेना. त्यातच घोट्याशी पाणी हललं. भरती लागली होती.

पोशी गोंधळली. सून परतली नाही म्हणून गोमा म्हाताऱ्यानं काठावर थाळी बडवायला घेतली, पण तो आवाज कधी समोरून यायचा, कधी मागून. दहा पावलं इकडे गेली तर पाणी गुडघ्याला, दहा पावलं तिकडे गेली तरी गुडघ्यालाच. "देवा, गाव गेलं कुठे?" असं ती मोठ्यानं म्हणाली म्हणे. चिमी रडून रडून गप्प झाली, तेव्हा तर तिनं हात मागे नेऊन पोर हलवून बघितलं.

तेवढ्यात हातातल्या दोरीला ओढ बसली. शेकाट्या फडफडत एकीकडे खेचत होता. पोशीची तर खात्री होती की गाव बरोबर उलट्या बाजूला आहे. आणि ज्याला आपण बांधून ठेवलं, तो आपल्याला कशाला वाचवेल? बुडवायलाच नेत असेल मेला! तिनं दोनदा दोरी मागे ओढली. मग पाणी कमरेला लागलं. तिनं दोरी सैल सोडली नि निमूट त्याच्यामागे गेली.

पायाखाली घट्ट जमीन लागली, पण ते गाव नव्हतं. चहूकडे नुसते पक्षी, शेकड्यांनी. एकही उडाला नाही. जरासे सरकले, तिला उभं राहण्यापुरती जागा झाली. हे खरं की स्वप्न, तिला कळेना. दुपारी धुकं फाटलं, पाणी उतरलं, तेव्हा दिसलं की जिकडे गाव आहे असं ती समजत होती, तिकडे खाडीचं खोल पात्र होतं.

पोशीनं शेकाट्याच्या पायाची दोरी सोडली. "माझ्या घरातलं कुणी तुमच्या वाटेला जाणार नाही," असं बोलली. तरी तो उडाला नाही. तिच्याकडे बघत तिथेच उभा राहिला. का, ते तिला मरेपर्यंत उमगलं नाही.

घरी सासरा कडाडला, "मग खायचं काय, तुझं कपाळ?"

पोशीनं चिमीला त्याच्या मांडीवर ठेवलं. "मामा, चिखलात तिसऱ्या-शिंपल्या आहेत की. त्या काढू."

म्हाताऱ्यानं नातीची गार पडलेली पावलं हातात घेऊन चोळली आणि फासे स्वतःच्या हातानं चुलीत घातले.

तेव्हापासून सावट्यात फासा लागत नाही, आणि भरती असताना कुणी बेटाला होडी लावत नाही. काही म्हणतात, पक्ष्यांनीच तिला वाचवलं. काही म्हणतात, छे हो, शेकाट्या आपला थव्याकडे निघाला होता, ही मागे गेली एवढंच. पोशीलाच कळलं नाही, तिथे तुम्हाआम्हाला काय कळणार!

पण आजही भरती चढली की पक्षी तिथे येतात, एकमेकांच्या अंगावर चढतील इतके, आणि मधे तेवढी जागा सोडतात. नीट बघा. तान्ही पाठीशी घेऊन एक बाई उभी राहील, एवढीच आहे.