हौसाची हजेरी

शुक्रवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. तालुक्याच्या एसटी स्टँडामागचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी खाट, एक खुर्ची आणि खाटेखाली पत्र्याची पेटी.

"...म्हणजे शाळा हेच मुलीचं खरं घर. हाच ना गुरुजी, पुस्तकाच्या नावाचा अर्थ?"

खाटेवर बसलेल्या जंगम गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

विचारणारा होता हणमंत पिसाळ. चौतीस वर्षं वर्तमानपत्रात हाडं झिजवलेला माणूस. भर पत्रकार परिषदेत मंत्र्याला घाम फोडतो, अशी त्याची ख्याती. आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा हातभार काही कमी नव्हता. चौथीत तो याच गुरुजींच्या हाताखाली होता. भाषणात हे तो हटकून सांगायचा. गुरुजी म्हणायचे, आधी घडलं का ते विचार. का घडलं ते मग. इथे टाळ्या पडायच्या.

'हौसा शाळेत आहे' हे गुरुजींचं एकमेव पुस्तक. चाळीस पानं, तेरा गोष्टी. हौसाला बोलवायला शेळ्या येतात, जत्रेतला पाळणेवाला येतो, पाऊस येतो, शेवटी आई येते. वर्गातली पोरं प्रत्येकाला एकच उत्तर देतात, हौसा शाळेत आहे. या वाक्यावर दोन पिढ्या खिदळल्या होत्या. आता पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती निघत होती, आणि नावाचा अर्थ उलगडणारी प्रस्तावना हणमंताने लिहिली होती. सोमवारी ती छापखान्यात जायची होती. गुरुजींनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

गुरुजींची सून निर्मला चहा घेऊन आली. प्रस्तावना किती पानांची, असं तिने विचारलं. अकरा, हणमंत म्हणाला.

"बरं झालं भाऊजी. पुस्तक पोरं वाचतील, प्रस्तावना तुम्ही वाचा."

हणमंत हसला, पण मनातून त्याला ते लागलं. त्याने कागद उघडले आणि अकराच्या अकरा पानं मोठ्याने वाचून काढली. चाफेखोंडाच्या ज्या शाळेवर गुरुजींची पहिली नेमणूक झाली, तिथवर पसरलेला धरणाच्या पाण्याचा फुगवटा त्यात होता. त्याच पाण्यावरून प्लास्टिकच्या पिंपांचा तराफा हाकत शाळेत येणाऱ्या तीन मुलींचा फोटो त्याने गेल्या वर्षी पहिल्या पानावर छापला होता, तोही उल्लेख होता. मथळा होता 'लाटांवरची जिद्द'. याच आजच्या हौसा, असं त्याने लिहिलं होतं.

वाचून झालं. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते.

"त्या पोरी अजून तराफ्यावरूनच येतात?"

"हो. कमालीच्या धीट आहेत."

"धीट..."

मग गुरुजींनी पायाने पेटी पुढे ढकलली. तळाशी कापडात बांधलेलं हजेरीपत्रक आहे, ते काढ म्हणाले.

हणमंताने गाठ सोडली. ऑगस्ट १९७२. पानं पिवळी पडली होती, पण रेघा स्वच्छ होत्या.

"गुरुजी, हे सरकारी दप्तर. घरी ठेवणं गुन्हा आहे."

"आहे. तोही कोणी विचारला नाही. सोळा तारीख बघ. नावं वाच."

हणमंत वाचू लागला. शेलार, जाधव, मोरे, पुन्हा मोरे. वीस नावं. विसावं होतं हौसा ढेबे.

"ही खरी होती?"

"पल्याडच्या धनगरवाड्यातली. दुसरीत होती. तेलाच्या रिकाम्या डब्यांवर बांबू बांधून तिच्या बापाने तराफा केला होता. एकटी यायची."

गुरुजी हळूहळू सांगत गेले. धरण झालं तेव्हा सरकार वाड्याला लाँच, म्हणजे मोटारीची होडी, देऊ म्हणालं होतं. लाँच आली नाही. हजेरी वीसच्या खाली गेली तर शाळा बंद, अशी वरून तंबी होती. म्हणून गुरुजी घंटा झाली की विसाच्या वीस नावांपुढे सकाळची तिरपी रेघ ओढून मोकळे व्हायचे; दुपारी तिला छेदणारी दुसरी ओढली की फुली पूर्ण. हौसा पाण्यावर असायची. पंधरावीस मिनिटांत यायची, ओल्या पायांनी दारात उभी राहायची आणि हजर म्हणायची. वर्ग हसायचा. तिची हजेरी आधीच लागलेली असायची.

"त्या दिवशीही लावली."

हणमंताने मान वर केली.

"अकरा वाजता गुराखी धावत आला. तराफा उलटा, दप्तर बांबूला अडकलेलं. मी तसाच पळालो. शाळा उघडी, हजेरीपत्रक टेबलावर. दिवसभर आम्ही पाण्यात होतो. तिसऱ्या दिवशी सापडली."

आत निर्मलाने भांडं खाली ठेवलं.

"चौकशी झाली असेल."

"ती सापडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. शिक्षण खात्याच्या साहेबांनी काळ्या शाईचं पेन या नावावर टेकवलं आणि मला विचारलं, गुरुजी, तुमच्या दप्तराप्रमाणे मुलगी कुठे होती? नीट विचार करून सांगा, म्हणाले. मी सव्वीस वर्षांचा. घरी आई, दोन बहिणी. खोटी हजेरी लावली म्हटलं तर नोकरी गेली..."

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी म्हणालो, हौसा शाळेत आहे."

पुस्तकाचं नाव हणमंताने आजवर हजारदा उच्चारलं असेल. आता ते त्याच्या कानात शिरेना.

मुलगी शाळेत होती, म्हणजे शाळेला येताना बुडाली नाही. पुढे केव्हातरी आपल्या मनाने पाण्यात उतरली. असा अहवाल झाला; गुराख्याला कोणी विचारलंच नाही. शाळेसाठी पाण्यावरून कोणी येत नाही असं ठरलं, आणि लाँचचा कागद बंद झाला.

"मग पुस्तक का लिहिलंत?"

"तोंडाने सांगायचं धैर्य नव्हतं. वाटलं, खोटं ठळक अक्षरात कव्हरावर छापलं तर कोणीतरी विचारेल. पन्नास वर्षं लोक येताहेत. प्राध्यापक आले, नाटकवाले आले. सगळ्यांनी अर्थ विचारला." गुरुजींनी हणमंताकडे पाहिलं. "ती खरंच शाळेत होती का, असं कोणी विचारलं नाही. तूही नाही."

पहिल्या पानावरचा तो फोटो हणमंताच्या डोळ्यांपुढे आला. तीन पोरी, निळी पिंपं. खाली त्याचं स्वतःचं नाव. लाँच कुठे आहे, हा प्रश्न त्या बातमीत नव्हता.

"एकीने मात्र विचारलं होतं," गुरुजी म्हणाले. "अकोल्याची, तिसरीतली. पोस्टकार्ड पाठवलं होतं. तेरा गोष्टी वाचल्या, हौसा घरी कधी जाते?"

"काय लिहिलंत तिला?"

"उत्तर अजून लिहायचंय."

हणमंताने अकरा पानं उभी फाडली. मग खिशातून वही काढली, तारीख घातली, वेळ घातली. गुरुजींना तो आता नीट, सावकाश, कोणाही अनोळखी साक्षीदाराला विचारावं तसं विचारू लागला.

"गुरुजी, सोळा ऑगस्टला हौसा ढेबे शाळेत होती का?"

"नव्हती."

"तिची हजेरी तुम्ही लावलीत?"

गुरुजींनी हात पुढे केला. हणमंताने हजेरीपत्रक त्यांच्या मांडीवर ठेवलं. बोट सोळा तारखेच्या रकान्यावरून वरून खाली सरकत गेलं. शेलार, एक रेघ. जाधव, एक रेघ. मोरे, एक रेघ. दुपारी शाळा भरलीच नव्हती, दुपारच्या हजेरीची दुसरी रेघ कोणापुढेच नव्हती. एकोणीस मुलांपुढे एकेकच रेघ.

विसाव्या नावावर बोट थांबलं. तिथे दोन रेघा होत्या. पूर्ण फुली. दुसरीची शाई वेगळी होती, काळी.

"पहिली रेघ माझी आहे, हणमंता. दुपारी मी पाण्यात होतो. दुसरी माझी नाही."