एका हाकेचे दोन सोमिल

अश्मक देशात गोदावरीच्या काठी पोतन नावाचे नगर होते. पूर्वी त्या नगरात सुपर्ण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने जवळच्याच एका लहान गावात घोंगड्या विणणाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव पालित. मोठा झाल्यावर तो बापाच्या मागावर बसला. सामा नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. तो कमी बोलत असे, आणि त्याने विणलेली घोंगडी वर्षानुवर्षे विरत नसे.

गावाबाहेर कदंबाचे एक जुने झाड होते. त्यावर सोमिल नावाचा यक्ष राहतो, असे गाव मानत असे. ज्या घरात पाळणा हलत नसे, त्या घरची बाई पहाटे अंघोळ करून त्या झाडाला लोकरीचे सूत गुंडाळी. मुलगा झाला की त्याला यक्षाचे नाव द्यायचे, असा नेम होता.

पालितच्या शेजारी रोहक कुंभाराचे घर होते. रोहकची बायको कुंडला आणि सामा, दोघींनी एकाच पहाटे झाडाला सूत गुंडाळले. कदंब फुलला तेव्हा दोन्ही घरांत मुलगे जन्मले. दोघेही सोमिल झाले. यक्षाने दिलेले नाव परत कसे करायचे, आणि कोणी करायचे? गावाने त्यांना निरनिराळी टोपणनावे ठेवून पाहिली, पण एकही टिकले नाही.

सामा अंगणातून हाक मारी, "सोमिल!" आणि दोन ओ येत. दोघेही पानावर येऊन बसत.

रोहक चाकावरून ओरडे, "वहिनी, हाक एक आणि तोंडं दोन! तुमच्या भाकऱ्या पुरायच्या कशा?"

"तुम्ही मडकी मोजा भाऊजी," सामा म्हणे, "भाकऱ्यांचं मी बघते."

एका पानावर वाढलेली ती मुले अंगानेही सारखीच झाली. पाठमोरी पाहिली तर गावातल्या म्हाताऱ्याही फसत.

मिसरूड फुटल्यावर दोघांनी तांड्याबरोबर पश्चिमेला जायचे ठरवले. तांडा मरुभूमी ओलांडून सौवीर देशात जाणार होता. बैल हाकायला त्याला माणसे हवी होती. पालितने आपल्या मुलासाठी काळी घोंगडी विणली आणि तिच्या काठाला कदंबाच्या फुलांसारखे पांढरे गोल काढले. दुसऱ्या सोमिलसाठीही तो लोकर काढू लागला, तेव्हा रोहक हसला. "राहू दे पालितदादा. माझं पोरगं भट्टीच्या उबेत वाढलंय. त्याला कसली आलीय घोंगडी!"

दोघे गेले. वेशीपर्यंत सामा त्यांच्याबरोबर चालत होती. वळणावरून तिने एकदा हाक मारली. दोघांनीही मागे वळून ओ दिली.

एक पावसाळा गेला, थंडी गेली. ऊन तापू लागले तेव्हा मीठ विकणारा एक माणूस बैलावर गोण्या घालून गावात आला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "कदंबाचं गाव ते हेच ना? मग वाईट बातमी आहे. तुमचा सोमिल गेला. मरुभूमीत, आटलेल्या विहिरीपाशी. तांड्यातले लोक वाटेत भेटले, त्यांनी सांगितलं. त्याचा जोडीदार मागून एकटाच चालत येतोय म्हणे."

"कुठला सोमिल?" कोणीतरी विचारले.

"कुठला म्हणजे?" मीठवाला गोंधळला. "तुमच्याकडे सोमिल आहेत तरी किती?"

कोणीही हसले नाही.

त्या गावात मरणाची बातमी आली की त्या घरची चूल विझवत आणि शेजारी तिथे पेज नेऊन देत. त्या दिवशी बायका पेजेची गाडगी घेऊन निघाल्या आणि दोन घरांच्या मध्ये थांबल्या. कोणाच्या दारात ठेवायची, ते कोणालाच कळेना. शेवटी दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर गाडगी ठेवून त्या मुकाट्याने परत गेल्या. दोन्ही घरांतून कोणी बाहेर आले नाही. पेज कावळ्यांनी खाल्ली. पुढेही रोज तसेच होत राहिले.

दोन्ही घरांतल्या चुली विझलेल्या होत्या. पालितचा माग थांबला. रोहकचे चाक नुसतेच फिरत राही, त्यावर माती नसे. आपला मुलगा येऊ दे, असे मनात आले की शेजारच्या घरातले रडणे आधीच कानात वाजू लागे. म्हणून दोन्ही घरे एकमेकांकडे बघेनाशी झाली.

एके दुपारी सामा म्हणाली, "अहो, तुम्ही झाडाकडे जा."

"कशाला?"

"कशाला काय विचारता? आपल्या लेकाला मागून घ्या. रोहकभाऊजी जाऊन आले. त्यांच्या पायांना तिकडची लाल माती लागलेली मी पाहिली. त्यांनी काय मागितलं असेल, ते मी सांगायला हवं का?" तिचा आवाज फुटला. "त्यांनी मागितलं आणि आपण नाही मागितलं, तर आपलाच जाईल हो."

 पालित उठला आणि भर उन्हात झाडाकडे चालू लागला.

कदंबाच्या सावलीत गारवा होता. बुंध्याला कितीतरी बायकांनी गुंडाळलेले सूत होते, काही नवे, काही विटून राखाडी झालेले. पालित मुळाला टेकून बसला. बरेच दिवस त्याला झोप नव्हती. पानांमधून येणारे ऊन त्याच्या पापण्यांवर हलत राहिले, आणि त्याला डोळा लागला.

झोपेत त्याला दिसले की बुंध्यावरचे सगळे सूत सुटून मागावरच्या ताण्यासारखे जमिनीपासून आभाळापर्यंत ताणले गेले आहे. वारा नव्हता, तरी धागे हलत होते. त्यांच्यामधून कोणीतरी वाट काढीत खाली आले. त्याचा चेहरा एका बाजूने पालितच्या मुलासारखा होता आणि दुसऱ्या बाजूने रोहकच्या.

"मी सोमिल," तो म्हणाला.

"कोणता?" पालितने झोपेतच विचारले.

"पहिला. माझंच नाव तुम्ही पोरांना दिलंत." यक्षाने धागे बाजूला सारले. "तिकडे बघ."

धाग्यांपलीकडे तांबूस धुळीचा रस्ता होता. त्यावरून एकजण सावकाश चालत येत होता. त्याला चेहरा नव्हता. तिथे नुसता उजेड होता.

"हा तुमच्या गावाकडे येतोय," यक्ष म्हणाला. "तू सांगशील तो चेहरा मी याला देतो."

पालितला आपल्या मुलाचा चेहरा इतका स्पष्ट आठवला की कपाळावरचा लहानपणीचा व्रणही दिसला. ओठ हलायला लागले. पण त्याच वेळी त्याला आपल्या अंगणातली ती बुटकी भिंत दिसली. पलीकडे कुंडला उभी होती आणि ती याच रस्त्याकडे बघत होती.

"आणि दुसरा चेहरा कुठे जाईल?" त्याने विचारले.

"वाळूत."

"म्हणजे तो मी वाळूत घातल्यासारखं होईल. नको." थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "आणि देवा, या मुलाला चेहरा आहे. तो आपल्याला दिसत नाही, इतकंच. कोण गेलं आणि कोण राहिलं, हे तो स्वतः जाणतो. जे घडून गेलंय, ते तूही उसवू शकत नाहीस."

 धागे हलायचे थांबले.

"मग काहीच मागणार नाहीस?"

"त्याला वाटेत पाणी मिळू दे. कोणाचाही असो."

"एवढंच? पुन्हा एकदा विचारू?"

"विचारू नकोस," पालित म्हणाला. झोपेत त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते. "दुसऱ्यांदा विचारलंस तर मला नाही म्हणता येणार नाही."

तो जागा झाला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या आणि सूत पहिल्यासारखेच बुंध्यावर होते.

सामा दारातच उभी होती. "मागितलंत?"

"पाणी मागितलं."

"कोणासाठी?"

"जो येतोय त्याच्यासाठी."

सामाने त्याच्याकडे पाहिले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही.

पालितने अंगणातल्या भिंतीवरचे त्या दिवशीचे पेजेचे गाडगे उचलले आणि तो रोहकच्या घरात गेला. "रोहक," तो म्हणाला, "मरण एका घरी आलंय आणि दोन्ही घरं उपाशी आहेत. जो गेला त्याचं दुःख आपण दोन्ही घरं करू. जो येईल त्याची वाटही दोन्ही घरं बघू. चल, एका ठिकाणी जेवू."

रोहकने मान वर केली नाही. पण कुंडलेने चार पाने मांडली. तिसऱ्या पानावर पालितने पेज वाढली तेव्हा सामाही आली आणि न बोलता बसली. त्यानंतर दोन्ही घरे रोज एकत्र जेवू लागली. कधीकधी मुलांच्या गोष्टी निघत. कोणाचा सोमिल, हे कोणी म्हणत नसे. सोमिल एकदा विहिरीत पडला होता, सोमिलला आंबट ताक आवडायचे, एवढेच म्हणत.

एका संध्याकाळी वेशीकडून गलका झाला. धुळीच्या रस्त्यावरून एकजण येत होता. मावळतीचे ऊन मागून पडल्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याच्या खांद्यावर काळी घोंगडी होती. तिच्या काठाला पांढरे गोल होते.

"माझा सोमिल!" सामा धावली. तिच्या पायात काटा मोडला, तरी ती थांबली नाही. मागे रोहक मटकन खाली बसला. कुंडलेने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

सामाने मुलाला मिठी मारली, त्याच्या पाठीवरून, केसांवरून हात फिरवला. मग तिने मान वर करून पाहिले. तो रोहकचा सोमिल होता.

"काकू," तो म्हणाला. 

सगळे गाव पाहत होते. सामाने मिठी सोडली नाही. तशीच उभी राहून ती रडली. कुंडला जवळ आली तेव्हा सामाने एक हात तिच्यासाठी मोकळा केला.

मग मुलाने सांगितले. वादळात दोघे तांड्यापासून चुकले. विहीर सापडली, पण ती आटलेली होती. पालितच्या सोमिलला ताप चढला. पखालीत घोटभर पाणी उरले होते, ते त्याने जोडीदाराला जबरदस्तीने पाजले. स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर टाकली. रात्री गार वारा सुटतो, म्हणाला.

"मी त्याला म्हटलं, काकूला मी काय सांगू? तर हसला. म्हणाला, आपण एका हाकेला दोघं जायचो ना? आता एकाला जावं लागेल. आईनं हाक मारली तर तू ओ दे." मुलाने डोळे पुसले. "त्याला मी माझ्या हातांनी वाळूत ठेवलं. मागून तांड्याची शेवटची माणसं भेटली, पण त्यांचे बैल पुढे निघाले होते. माझे पाय चालत नव्हते, म्हणून मी मागे पडलो. मी वाचायचा नव्हतो, काका. पण नंतर जिथे जिथे तहान लागली, तिथे पाणी होतं. कोरड्या ओढ्यातसुद्धा उकरलं की पाणी यायचं."

पालितने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. 

थोड्या वेळाने लक्षात आले की रोहक तिथे नाही. पालित त्याला शोधत कदंबाकडे गेला. रोहक कुऱ्हाड घेऊन झाडासमोर उभा होता, पण त्याने ती उचलली नव्हती.

"मी मागितलं," पालितकडे न बघता रोहक म्हणाला. "माझा येऊ दे, पालितचा जाऊ दे, असं या तोंडानं म्हटलं. तुझ्या लेकाला मी मारलं, दादा. आता माझ्या लेकाचं तोंड कसं बघू?"

"मला ठाऊक होतं," पालित म्हणाला.

"ठाऊक होतं? आणि तरी माझ्या घरी पेज घेऊन आलास?"

"तूही उपाशीच होतास ना." पालितने त्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. "रोहक, तू इथे येऊन मागितलंस त्याच्या कितीतरी आधी तुझ्या पोरानं माझ्या पोरावर वाळू लोटली होती. तू मागत होतास तेव्हा त्याच्या हातांना ते ठाऊक होतं. तुझ्या मागण्यानं कोणी मेलं नाही. तू भ्यालास, एवढंच. मीही भ्यालो. माझेही ओठ हलले होते." त्याने कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवली. "घरी चल. पोरगं तुझी वाट बघत असेल. त्याला वाटेल, बापाला मी आलेलं आवडलं नाही."

तेव्हा रोहक मोठ्याने रडला, आणि पालितच्या खांद्याला धरून घरी आला. मुलाने वाकून त्याचे पाय धरले. रोहकने त्याला उठवून त्याचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि डोळे भरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सामाने आपली चूल पेटवली. भाकऱ्या झाल्या. जुन्या सवयीने ती अंगणात आली, आणि काही आठवायच्या आत तिच्या तोंडून हाक निघून गेली, "सोमिल!"

हाक निघाल्यावर तिला सगळे आठवले. ती दाराला धरून उभी राहिली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "ओ! आलो."

पुढे ती हयात असेपर्यंत तिची एकही हाक उत्तराशिवाय राहिली नाही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, एका भिक्खूसाठी सांगितली. वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामात, दूरच्या विहारातून निरोप आला होता की उत्तर नावाचा भिक्खू वारला. त्या विहारात उत्तर नावाचे भिक्खू दोन होते, आणि त्यांतला एक या भिक्खूचा धाकटा भाऊ होता. गेलेला दुसराच असो, असे त्याच्या मनात आले, आणि पुढे तसेच निघाले. तेव्हापासून तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

शास्ता म्हणाला, "भिक्खूंनो, त्या वेळचा रोहक म्हणजे आज इथे खाली मान घालून बसलेला हा भिक्खू. घरी परतलेला सोमिल म्हणजे याचा भाऊ उत्तर. सामा आणि कुंडला म्हणजे नगराच्या दक्षिण दारी शेजारी राहून तुम्हाला भिक्षा वाढणाऱ्या त्या दोघी उपासिका. कदंबावरचा यक्ष म्हणजे ही कथा ऐकत दाराशी बसलेला म्हातारा माळी. आणि पालित मीच होतो."

"भगवन्, आणि वाळूत राहिलेला सोमिल?" कोणीतरी विचारले.

शास्त्याने सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. "तो तुमच्यातच बसला आहे," तो म्हणाला. "त्याचे नाव मी सांगणार नाही. तो कोणीही असू शकेल, असे समजून एकमेकांना पाणी द्या."

मग खाली मान घालून बसलेल्या त्या भिक्खूने मान वर केली आणि शेजाऱ्याकडे पाहिले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने मैत्रीची पारमिता, सर्वांवर सारखी माया करण्याची साधना, पुरी केली, ती अशी.