ठेवणीतलं जाकीट

फार पूर्वी, म्हणजे नदीवर अजून पूल झाला नव्हता तेव्हा, एका काठच्या गावात एक शिंपीण राहायची. तिचा नवरा नावाडी. रोज सकाळी नदीवर दुलईसारखं धुकं पसरलेलं असायचं. ते विरलं की नावाडी होडी सोडायचा आणि माणसं या काठावरून त्या काठावर न्यायचा.

गाव तसं भलं होतं, पण त्याला एक खोड होती. जे काही चांगलं असेल ते पेटीत आणि उरलंसुरलं रोजच्याला. चांगल्या कपबश्या फडताळात, आणि चहा कान तुटलेल्या कपातून. नवी गोधडी पाहुण्यांसाठी. पाहुणे यायचेच नाहीत, तरी पाहुण्यांसाठीच. गोड बोलणंसुद्धा लोकांनी संक्रांतीपुरतं राखून ठेवलं होतं. अशा वस्तूंना ते ‘ठेवणीतलं’ म्हणायचे, आणि म्हणताना त्यांना फार बरं वाटायचं.

तर या शिंपिणीने एकदा नवऱ्यासाठी जाकीट शिवायला घेतलं. डाळिंबी रंगाचं जाड कापड. पाठीवर निळ्या रेशमाची नदी, नदीत रुपेरी टिकल्यांचे मासे, आणि छातीवर हरभऱ्याच्या डाळीएवढे आरसे. एकेक आरसा चहूबाजूंनी टाके घालून बसवायचा. शिवता शिवता दोन हिवाळे गेले. एकदा तिने ते अंगणात पसरलं, तर नदीवरचा खंड्या आला आणि टिकल्यांच्या माशावर चोच मारून, ओशाळा होऊन उडून गेला.

जाकीट पुरं झालं तेव्हा ती म्हणाली, “अहो, माझी एकच इच्छा आहे. तुम्ही हे घालून पल्याडून होडी आणताय, छान ऊन पडलंय, आणि मी घाटावर उभी राहून बघतेय. बस्स.”

नावाड्याने जाकीट हातात घेतलं. त्याला आवडलं नाही असं नव्हे हो. इतकं आवडलं की अंगात घालायचा धीरच होईना. “अगं, होडीत चिखल असतो, मासळीचा वास असतो,” तो म्हणाला. “जत्रेला घालीन.”

जत्रा आली, तर जत्रेत धूळ फार. पुतण्याचं लग्न निघालं, तर तिथे हळदीचे डाग पडतील. दिवाळीला फटाक्याची ठिणगी उडेल. दर वर्षी एक नवं कारण, आणि प्रत्येक कारण अगदी बरोबर. शिंपीण आश्विनात एकदा जाकीट काढायची, ऊन दाखवायची, कडुनिंबाचा पाला घालून परत पेटीत ठेवायची. अशी सोळा वर्षं गेली.

मग एके दिवशी तिला सुई ओवता येईना. आधी वाटलं, दोरा जाड असेल. मग दिवा मंद वाटला. मग भरदुपारी तिला अंगणातसुद्धा धुकं दिसायला लागलं. वैद्यबुवांनी डोळे पाहिले आणि खाली मान घालून म्हणाले, “बाई, डोळ्यांच्या दिव्यातलं तेल सरत आलंय. फार तर पंधरा दिवस.”

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो रडायलाच लागला.

“रडू नका,” ती म्हणाली. “उद्या ते जाकीट घाला. मला बघायचंय.”

“घालतो, घालतो,” तो डोळे पुसत म्हणाला. पण रात्रभर त्याला झोप आली नाही आणि सकाळी तो म्हणाला, “अगं, पण असं कसं? होडीचा रंग पार उडालाय. तू एकदाच बघणार, तर ते नीट नको का दिसायला? होडी रंगवतो, नवा पटका आणतो. बारा दिवसांवर जत्रा आहे. त्या दिवशी बघ तू कशी शोभा येते ती.”

“उडालेल्या रंगाचीच चालेल मला होडी,” ती म्हणाली.

पण ऐकेल तर तो त्या गावचा कसला. त्याने होडी घासली, रंग दिला, तो सुकेपर्यंत थांबला, दुसरा हात दिला. हे सगळं तिच्यावरच्या प्रेमानेच बरं का. म्हणून तर त्याच्यावर राग धरता येत नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. धुकं लवकर विरलं आणि लख्ख ऊन पडलं. नावाड्याने पल्याडच्या काठावर जाऊन जाकीट अंगात घातलं आणि होडी सोडली. नदीच्या मधोमध आला तेव्हा आरसे असे लखलखले की घाटावरचं सगळं गाव बोलायचं थांबलं. पाण्यावर कवडसे नाचत होते. होडी जणू पाण्यावरून नाही, उजेडावरून येत होती.

घाटाच्या पहिल्या पायरीवर शिंपीण उभी होती. नावाड्याने ओरडून विचारलं, “बघतेयस ना गं?”

“बघतेय,” तिने सांगितलं आणि हसून हात हलवला.

पण होडी होती डावीकडे, आणि ती हात हलवत होती उजवीकडे, रिकाम्या नदीकडे बघून.

नावाड्याच्या हातातलं वल्हं थांबलं. होडी आपली आपणच वाहत घाटाला लागली. तो उतरून तिच्यापुढे उभा राहिला, तशी तिने हात पुढे केला, त्याच्या छातीवरचे आरसे एकेक करून चाचपले आणि गुंड्यांपाशी येऊन थांबली.

“अहो, हे पुढे मिळत नाहीये.”

“सोळा वर्षांत जाडा झालो गं,” तो म्हणाला.

“मग सांगायचं नाही का? आत शिवणीला माया ठेवलीय मी चांगली दोन बोटं. सैल करून दिलं असतं,” ती म्हणाली. “तेव्हा दिसत होतं मला.”

नावाडी तिचा हात धरून पायरीवर बसला आणि सगळ्या गावादेखत रडला. गावातल्या बायका मुकाट्याने घरी गेल्या आणि त्या दिवशी पाहुणे नसताना चांगल्या कपबश्या निघाल्या.

दुसऱ्या दिवसापासून नावाडी ते जाकीट रोज घालू लागला, पुढून उघडंच. चिखल लागला, वास लागला, टिकल्या गळून नदीत पडल्या. संध्याकाळी शिंपीण विचारायची, “आज कसं दिसत होतं?” आणि नावाडी, ज्याला बोलता फारसं येत नव्हतं, तो जमेल तसं सांगायचा. ऊन कुठून आलं, आरसे कसे चमकले, पोरं काय म्हणाली. ती मन लावून ऐकायची.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: पेटीत ठेवलेलं वस्त्र पुष्कळ वर्षं टिकतं, ते बघायला थांबलेले डोळे तेवढे टिकत नाहीत.