घराला कान फुटले

जनावरं माणसांसारखी बोलायची, तेव्हाची गोष्ट. नवशिक्या गोदाक्कानं मधमाश्यांची पेटी भरदुपारी उचलली आणि डोंगरापलीकडच्या नव्या बागेत नेली. फुलांवर गेलेल्या माश्या परतल्या, तर पेटीच्या जागी गोदाक्काचं गाढव उभं. सगळ्या त्याच्याच डोक्यावर बसल्या.

"अगं, घराला कान फुटले," एक म्हणाली.

"गप बसा, गुदगुल्या होतायत," गाढव म्हणालं. पण हललं नाही. हललं असतं, तर माश्या रात्री उघड्यावर गारठून मेल्या असत्या.

तिकडे पेटी निम्मी रिकामी पाहून गोदाक्का धापा टाकत ती परत घेऊन आली. माश्या भराभर आत शिरल्या.

राणीमाशी फणकारली, "कुठं गं उंडारलात?"

"आम्ही इथंच होतो, राणीसाहेब. घरच उंडारलं."

गोदाक्कानं शेवटची माशी आत जाऊ दिली, दार लावलं, आणि मगच पेटी गाढवाच्या पाठीवर चढवली.