तत्काळ दुरुस्तीची पाटी

गडहिंग्लजच्या हौसाक्काचं झाडं छाटायचं मशीन जत्रेच्या आधी रमणशेठच्या वर्कशॉपात गेलं, ते जत्रेचे पाळणे उठून गेले तरी परत येईना. दारावर ‘तत्काळ दुरुस्ती’ अशी लांबलचक काचेची पाटी, आत विचारलं की शेठ खुर्चीतूनच म्हणायचे, “आक्का, पार्ट यायचाय. जरा दम धरा.” तिकडे आक्काची कामं एकेक करून दुसऱ्यांकडे चालली होती.

मग एक दिवस शेठनीच तिला बोलावलं. चिंचेची फांदी पाटीवर आली होती, गिऱ्हाइकांना अक्षरं दिसत नव्हती.

आक्का हातकरवत घेऊन चढली. फांदीला दोर बांधला, वरच्या बेचक्यातून खाली सोडला आणि टोक शेठच्या हातात दिलं. “घट्ट धरा. सुटला तर फांदी थेट काचेवर.” निम्मी कापल्यावर फांदी कर्रकन वाजली, तशी आक्का निवांत खाली उतरली आणि समोरच्या टपरीवर चहा सांगून बसली.

“अहो, राहिलेलं कोण कापणार?” शेठ घामाघूम झाले.

“पुढं लाकूड चिवट आहे शेठ. तिथं मशीनच लागतं.”

“मग मी असा किती वेळ उभा राहू?”

आक्कानं बशीत चहा ओतला. “तेच मी तुम्हाला इतके दिवस विचारतेय.”

शेठनी आत तोंड करून अशी आरोळी ठोकली की पार्ट कुठल्याशा खोक्यातून लगेच निघाला. आक्काचा दुसरा चहा संपायच्या आत मशीन घुरघुरत बाहेर आलं. फांदी अलगद उतरली आणि पाटी साऱ्या रस्त्याला स्वच्छ दिसू लागली. त्या दिवसापुरती ती खरीही होती.