उस्तादांचा चांद

“मग मला का न्हाई?” सर्जेरावने विचारलं.

उस्ताद हात धूत होते. त्यांनी हात धुणं थांबवलं नाही.

“काय?”

“चांद.”

बादलीतलं पाणी पांढरं झालं होतं. उस्तादांनी ते मोरीत ओतलं, दुसरं घेतलं, पुन्हा बोटं चोळली. मग म्हणाले, “तुला कशाला लागतो?”



मिरजेत उस्ताद म्हटलं की लोकांना सतार नाहीतर गाणं आठवतं. हे उस्ताद रंगारी होते. इलाहीबक्ष त्यांचं नाव. सत्तरी ओलांडलेली, पाठ थोडी वाकलेली, बोलणं अगदी मोजकं. भिंतीला दोन हात देऊन झाले की तिसऱ्या हाताआधी ते भिंतीवर तळवा टेकून डोळे मिटून उभे राहत आणि सांगत, “आज नको, उद्या.” ते उद्या म्हणाले की उद्याच. मालक कितीही घाईला येऊ दे.

सर्जेराव त्यांच्याकडे एकोणीस वर्षं होता. बेडगहून एसटीने यायचा, एसटीने जायचा. भिंत घासणं, भेगांत लांबी भरणं, परांची बांधणं, छटा जुळवणं, सगळं उस्तादांच्या हाताखाली शिकला. आता कामं तोच बघायचा. शिड्या त्याच्या ताब्यात, गडी त्याच्या शब्दात. उस्तादांनंतर कोण, असं गावात कुणी विचारलंही नसतं.

आणि चांद म्हणजे रोलर साफ करायची एक पट्टी. एवढीच गोष्ट.

वीतभर लांबीची, पोलादाची. उस्तादांनी ती जुन्या करवतीच्या पात्यातून कापून, कानशीने घासून स्वतः बनवली होती. मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. एका कडेला अर्ध्या चंद्रासारखी खाच. ही खाच रोलरच्या पोटावर बसवायची आणि वरून खाली एका दमात ओढायची. लोकरीत मुरलेला रंग दुधावरच्या साईसारखा पुढे गोळा होऊन येई. मग पाण्यात दोन हिसके दिले की रोलर नव्यासारखा. बाजारात तशा पट्ट्या मिळायच्या, पण त्यांनी लोकर फाटायची. चांदने कधी एक केस तुटला नाही. तीस वर्षं तो उस्तादांच्या कमरेच्या खिशात होता.

त्या सोमवारी, सर्जेरावने विचारायच्या थोडं आधी, उस्तादांनी तो काढला आणि मालनच्या हातावर ठेवला.

“माझं शिडीवर चढणं संपलं,” ते म्हणाले. “हा ठेव.”

मालन आठ महिन्यांपूर्वी आलेली. पस्तिशीची बाई. नवरा वारल्यावर आधी बांधकामावर पाट्या उचलायची, मग एक दिवस उस्तादांसमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, मला रंगाचं काम शिकवा. गडी हसले होते. सर्जेरावही हसला होता. उस्तादांनी तिला एक पॉलिश पेपर दिला आणि एक भिंत दाखवली. ती भिंत तिने तीन दिवस घासली.

तेव्हापासून ती होती. सर्जेरावला तिचं असणं कधी खुपलं नव्हतं. सोमवारपासून खुपायला लागलं.

काम चाललं होतं एका नव्या धर्मशाळेचं. दवाखान्यात आलेल्या रोग्यांची माणसं उतरावीत म्हणून बांधलेली. चोवीस खोल्या, पुढे लांब ओसरी. सर्जेराव आणि मालन शेजारशेजारच्या खोल्यांत रंग मारायची, आणि सर्जेरावचे कान भिंतीपलीकडे असायचे.

“मालन, चहा घेतलास का?” उस्ताद विचारत.

एकोणीस वर्षांत मला कधी विचारलं? सर्जेराव रोलर दाबून धरी, इतका की कडेने रंग ओघळे.

“मालन, उन्हात बसू नकोस.” “मालन, कोपरा आधी ब्रशने घे.” “मालन, हां… असा.”

तो ‘हां’ त्याला सगळ्यात जास्त लागे. उस्तादांचा असा ‘हां’ मिळवायला त्याला सहा वर्षं लागली होती. हिला आठ महिन्यांत मिळाला.

तो तिच्या चुका शोधायला लागला. जेवणाच्या सुट्टीत सगळे ओसरीवर बसले की हा खोल्यांतून फिरायचा. कोपरे बघायचा, खिडकीच्या कडा बघायचा, फरशीवर थेंब बघायचा. काही सापडायचं नाही. न सापडल्याचा राग यायचा.

बुधवारी सापडलं. चारच्या सुमाराला उन्हाची तिरीप सात नंबरच्या खोलीत आडवी आली आणि भिंतीवर रोलरचे पट्टे स्पष्ट उठले. एकावर एक, वाळलेल्यावर ओला हात फिरल्याचे. त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती. पण वाटली नाही. तो उस्तादांना हाताला धरूनच घेऊन आला.

“बघा उस्ताद. हे बघा तुमच्या मालनचं काम.”

उस्तादांनी बघितलं. मालन दारात येऊन उभी राहिली होती.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “ही भिंत सकाळी तुम्ही मारलीय. मी दुपारनं समोरची मारली.”

खरंच होतं. सकाळी तिचा रोलर पलीकडच्या खोलीत चालू होता, उस्तादांचा ‘हां’ ऐकू आला होता, आणि त्याचा हात मध्येच थांबला होता. तेवढ्यात कड वाळली होती.

 खिशातला रुमाल काढून उस्तादांनी तोंड पुसलं आणि बाहेर गेले.

काही बोलले असते तर बरं झालं असतं…

शुक्रवारी दुपारी मालन पाणी भरायला गेली तेव्हा तिची पिशवी खुंटीला होती. सर्जेरावने चांद काढला आणि पँटच्या खिशात घातला. हे करायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. केल्यावर मात्र परत ठेवावंसंही वाटलं नाही. खाचेची टोकं मांडीला टोचत होती. तो तसाच काम करत राहिला.

आता शोधेल, त्याला वाटलं. रडेल. उस्तादांना सांगावं लागेल. मग बघू, त्यांचा ‘हां’ कसा निघतो. एकदा त्याच्या हातून उस्तादांचा ब्रश रॉकेलमध्ये रात्रभर राहून खराब झाला होता, तर चार दिवस ते त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. चांदसाठी तर महिनाभर बोलणार नाहीत.

हे बघायचं म्हणून तो त्या संध्याकाळी थांबला.

एरवी तो कधी थांबत नसे. साडेपाचची बेडग एसटी त्याची ठरलेली. सहा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला भरवायला वेळेवर घरी जायला हवं म्हणून उस्तादांनीच त्याला पाचला सोडायला सुरुवात केली. हातातलं काम संपलं की तो रोलर बादलीत सोडायचा, चपला सरकवायचा आणि स्टँडकडे पळत सुटायचा. आई जाऊन चार वर्षं झाली, तरी साडेपाचची गाडी काही त्याने बदलली नव्हती.

त्या दिवशीही त्याने रोलर बादलीत सोडला, “येतो, उस्ताद” म्हणाला, फाटकापर्यंत गेला, आणि मागच्या बाजूने आत येऊन ओसरीच्या टोकाच्या खांबाआड उभा राहिला. गडी निघून गेले. नळावर मालन राहिली आणि उस्ताद.

मालनने पिशवी झाडली. उलटी केली. खोल्यांतून फिरून आली. मग उस्तादांसमोर उभी राहिली.

“उस्ताद, चांद न्हाई.”

“हं.”

“माझ्याकडनं हरवला.”

“हं,” उस्ताद म्हणाले. “शोधू उद्या.”

एवढंच…? सर्जेरावने खिशातला चांद मुठीत आवळला. एवढंच? मी हरवला असता तर?

मालन रोलर घेऊन नळाखाली बसली आणि बोटांनी रंग निपटायला लागली. दिवसभराचा उन्हाने घट्ट झालेला रंग तो. नखं आत घालून ओढावा लागत होता. दोन मोठे रोलर, एक लहान. तिने मान वर केली नाही. तिची बोटं लाल झालेली खांबापासून दिसत होती.

सर्जेरावला बरं वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही.

मग उस्ताद उठले. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, लंगडत बादल्यांकडे गेले, एक बादली निवडली. त्यातला रोलर उचलून निथळू दिला. दांड्याला लाल चिंधी बांधलेली होती.

ती चिंधी सर्जेरावने बांधली होती. तो त्याचा रोलर होता.

उस्ताद नळापाशी मालनच्या शेजारी उकिडवे बसले. बसताना “या अल्ला” म्हणाले.

“राहू द्या, उस्ताद,” मालन म्हणाली. “माझे झाले की मी दादांचा बी धुते. रोज म्हणते तुम्हाला.”

“तू तुझे धू.”

“चांद असता तर घटकेत झालं असतं तुमचं.”

“हं.”

उस्तादांनी रोलर मांडीवर घेतला. त्यांचा उजवा अंगठा सांध्याने वाकलेला होता, सरळ होत नसे. तोच वाकडा अंगठा त्यांनी खाचेसारखा रोलरवर बसवला आणि वरून खाली ओढला. रंग थोडा आला. पुन्हा ओढला. पुन्हा…

सर्जेरावला रोज सकाळी त्याचा रोलर खिळ्याला टांगलेला मिळायचा. कोरडा, मऊ, लोकर फुललेली. कोण धुतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. गडी धूत असतील, त्यांचंच काम ते, असं त्याने धरून टाकलं होतं. खरं तर एवढंही धरलं नव्हतं. विचारच केला नव्हता.

उस्तादांनी मधेच अंगठा तोंडात धरला, बघितला, आणि पुन्हा रोलरवर बसवला.

सर्जेराव खांबाआडून बाहेर आला. आपण चालतोय हे त्याला नळापाशी पोचल्यावर कळलं. त्याने खिशात हात घातला आणि चांद पुढे धरला.

 नळ चालू होता.

मालनने चांदकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. तिला कळलं होतं, हे त्याला दिसलं. तरी ती म्हणाली, “सापडला व्हय, दादा?”

नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. पायरीखाली पडला होता म्हणायचं. तिनेच वाट करून दिली होती.

“न्हाई,” सर्जेराव म्हणाला. “माझ्या खिशात होता. मी काढला तुझ्या पिशवीतनं.”

मालनने नळ बंद केला. हात पदराला पुसले, बोटं उलटीपालटी करून बघितली.

“दोन नखं गेली माझी,” ती म्हणाली.

“मालन…”

“राहू द्या आता.” तिने आपले रोलर उचलले आणि आत टांगायला गेली. जाताना मागे वळून बघितलं नाही.

सर्जेराव उभाच होता. उस्तादांनी त्याच्या हातातून चांद घेतला. रागावले नाहीत. त्यांनी खाच रोलरवर बसवली, एका दमात खाली ओढली. पांढरा रंग गोळा होऊन फरशीवर पडला.

“उस्ताद, द्या इकडं. मी धुतो.”

उस्तादांनी दिला नाही.

“तुझी गाडी?”

“गेली.”

“सातला आहे एक.”

सर्जेराव त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर बसला. पँट भिजली. “कधीपासनं धुताय, उस्ताद?”

“तुझी आई पडली तेव्हापासून.”

“आई जाऊन चार वर्षं झाली.”

“माहीत आहे. मातीला आलो होतो.”

उस्तादांनी रोलर फिरवला, दुसऱ्या बाजूने चांद लावला. आतून खिळ्याला रोलर टांगल्याचा आवाज आला. उस्तादांनी त्या दिशेने मान हलवली.

“तिचा रोलर धुणारं कोण आहे, सांग.”

  सोमवारपासूनचं सगळं सर्जेरावला एकदम आठवलं. उस्तादांच्या अंगठ्यातून बारीक रक्त येऊन रंगात मिसळत होतं, ते तो बघत राहिला.



“उस्ताद,” तो म्हणाला, “सहा वर्षं. एकदा तरी सांगायचं होतं की मला.”

उस्तादांनी रोलर पाण्यात बुडवला, दोन हिसके दिले, वर धरून बघितला. लोकर फुलून आली होती.

“सांगितलं असतं,” ते म्हणाले, “तर तू स्वतः धुवायला लागला असतास.”